काका, ती एक ओळ तुम्ही गाळली नाहीत

काका नमस्कार,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अहो त्यात काय" म्हणून फोन ठेवता, म्हणून आता लिहूनच टाकते आणि सगळ्यांसमोर लिहिते, म्हणजे तुम्हाला मधेच ठेवता येणार नाही. गावाचं नाव, आडनाव, कुणाचंच नाव लिहीत नाहीये, कारण तुम्हाला माहितीच आहे, एका बांधावरून भावकीत अजून तारखा चालू आहेत आणि आमच्या चुलत्यांना कोण काय वाचून दाखवेल नेम नाही.

बाकीच्यांसाठी सांगते. हे काका नात्यातले नाहीत, माझ्या पणजीचं नाव शोधताना जुने मोडी कागद ज्यांनी वाचून दिले ते. सुरुवात झाली आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या पंच्याहत्तरीवरून. भावाच्या डोक्यात आलं की वंशावळीची मोठी फ्रेम करून द्यायची. आजोबा-आजी, चुलते, आत्या, सगळे पटापट भरले, पणजोबांचं नावही आण्णांना माहीत होतं, पण पणजीच्या चौकटीत काय लिहायचं ते कुणालाच सांगता येईना. घरात एकच वाक्य, की दोघं मानमोडीत गेले, आजोबा तेव्हा चारेक वर्षांचे होते आणि चुलत्यानं वाढवलं. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. बाईचं नाव काय, माहेर कुठलं, काही नाही. मला ते रिकामं घर बघवेना, एवढंच कारण, इतिहासाची वगैरे आवड मला कधीच नव्हती.

मी आधी जनगणनेच्या मागे लागले. अमेरिकेत जनगणनेचे कागद ७२ वर्षांनी नावानिशी खुले होतात, इंग्लंडात १०० वर्षांनी, तर आपल्याकडेही असेल की, १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी मोजलंच आहे ना. आठवडाभर घालवला. आकडे मिळाले ढीगभर, माणूस एक नाही. मग तुम्ही सांगितलंत की आपल्याकडे घराघरातून भरून घेतलेले कागद कुणाला बघायलाच मिळत नाहीत, १९४८ च्या जनगणना कायद्यात कलम १५ आहे, त्यात ते बघायची सोयच ठेवलेली नाही. बाहेर येतात ते फक्त तक्ते.

तुमची ओळख झाली मैत्रिणीच्या सासऱ्यांमुळे. "भूमी अभिलेखमधून रिटायर झालेत, मोडी वाचतात, पण जरा तिरसट आहेत" असं सांगून नंबर दिला होता (आता तुम्हाला कळलंच). पहिल्याच फोनवर मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, गट नंबर अमुक, मला १९१९ सालचे फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी, पाहिजेत. तुम्ही म्हणालात, "ताई, तेव्हा गट होते कुठं?" आणि मग अर्धा तास समजावून सांगितलंत, की गट आले एकत्रीकरण योजनेत, म्हणजे जमिनीचे विखुरलेले तुकडे एकत्र केले तेव्हा, तो कायदाच १९४७ चा, त्याच्या आधी सर्व्हे नंबर आणि हिस्सा, म्हणून आधी एकत्रीकरणाचा ९(३) ९(४) चा उतारा काढा, त्यावर जुना सर्व्हे नंबर आणि तेव्हाचा खातेदार मिळेल, मग त्या सर्व्हे नंबरचा जुना सातबारा काढा, त्याच्यावर नावांशेजारी गोलात जे आकडे आहेत ते फेरफार नंबर, त्या नंबरांनी सहा नंबरची, म्हणजे फेरफारांची वही मागा आणि असं एकेक पायरी मागं जा. मी तोपर्यंत सातबारा शंभर वेळा बघितला असेल, कर्जाला, पीक विम्याला, पण ते गोल म्हणजे काय हे मला कधी कळलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

आणि दुसरं सांगितलंत की कंसातली नावं आधी वाचा. सातबाऱ्यावर माणूस गेला, वाटणी झाली, विकलं, की नावाला कंस करतात, नाव मात्र राहतं. सगळे कंसाच्या बाहेर कोण ते बघतात, आपल्याला आतलं कोण ते पाहिजे. ह्या कंसावर मी नंतर येते, त्यात माझीही एक भानगड आहे.

ऑफिसांचे हेलपाटे सांगत बसत नाही, ज्यांनी घातलेत त्यांना माहीत आहेत. एका ठिकाणी "अभिलेख जीर्ण, नक्कल देता येत नाही" असं लिहून अर्ज परत आला तेव्हा मी सोडून देणार होते. तुम्ही म्हणालात नक्कल मिळत नसली तर फी भरून बघायला तरी मागा, आणि नुसत्या सातबारा-फेरफारवर थांबू नका, कोतवाल बुक मागा, म्हणजे गाव नमुना १४, जन्ममृत्यूची नोंद, आणि १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर आहे का विचारा. ते १९५१ चं रजिस्टर बघून मी चाटच पडले, कारण ते जनगणनेच्याच माहितीवरून लिहिलेलं होतं, म्हणजे मी जे आठवडाभर शोधत होते ते एकाच सालापुरतं का होईना तालुक्याच्या कपाटात पडलेलं. त्यात आजोबांचं अख्खं घर सापडलं, वय ३७ लिहिलेलं. म्हणजे जन्म १९१४ च्या आसपासचा. शाळेच्या रजिस्टरला १ जून आहे, पण १ जूनला अर्ध्या महाराष्ट्राचा जन्म झालेला आहे त्यामुळे त्याचं काय घेऊन बसायचं.

त्या आधीचं सगळं मोडीत. इथं मात्र माझे हात टेकले. ऱ्हस्व-दीर्घ नाही, दोन शब्दांत जागा नाही, हात न उचलता सुसाट लिहिलेलं, आणि लिहिणाऱ्याला वाटत असणार की हे शंभर वर्षांनी कोण वाचणार आहे. घरातल्या ट्रंकेत सन १३०० फसलीचा एक कागद होता, मला वाटलं यादवकाळातलाच काहीतरी खजिना मिळाला. तुम्ही म्हणालात ५९० मिळवा. १८९० चा निघाला, आणि मजकूर काय तर बैलाच्या उधारीचा! तरी तुम्ही तो ओळ न ओळ वाचून दिलात, हसलातसुद्धा नाही.

आडनाव शोधत होते तर आडनावच नाही. अमुक बिन तमुक, म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, संपलं. त्यात आपल्याकडे नातवाला आजोबाचं नाव, मग एकाच वहीत एकाच नावाचे दोघे, दोघांच्या बापांचंही नाव तेच, एक आमचा आणि एक वरच्या आळीतला. मी तर त्या दुसऱ्यालाच चार दिवस पणजोबा समजून चालले होते, भावाला कळवूनही टाकलं होतं. तुम्ही ते सर्व्हे नंबरवरून सोडवलंत. "माणसं नावं फिरवतात, जमीन कुठं जाते?" हे तुमचं वाक्य आमच्या घरात आता कशावरही वापरतात, रिमोट हरवला तरी.

कोतवाल बुकाची ती पानं तुम्ही वाचून दाखवलीत ती दुपार मी विसरणार नाही. ऑक्टोबर १९१८. मरणाचं कारण, ताप. खाली ताप. खाली ताप. एका घरातली तीन-तीन नावं लागोपाठ, पोरं, बाया, तरणी माणसं. पणजोबा तिसऱ्या पानावर, वय ३२, कारण ताप. १९११ ते १९२१ ह्या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी कमी झाली, आपल्या जनगणनेत असं एकाच दशकात झालंय, हे मी आधीच्या आठवड्यात तक्त्यात वाचून पुढे गेले होते. तेव्हा काही वाटलं नव्हतं. पणजोबा त्या वजाबाकीतले.

पण पणजी त्या पानांत नव्हती. तुम्ही मागची पुढची पानं पुन्हा पुन्हा बघितलीत, म्हणालात, "आजींची नोंद इथं नाही, घाई नको, पुढं बघू." मला वाटलं राहिली असेल नोंद, एवढ्या मरणांत कोण लिहितंय.

मग १९१९ चा फेरफार मिळाला. पणजोबा मयत, वारस मुलगा, वय ४, अज्ञान म्हणजे अल्पवयीन, आणि त्याच्यापुढे अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून आई, तिचं नाव, कोम अमुक, म्हणजे अमुकची बायको. म्हणजे ती जिवंत होती! वहीत तिचं नाव बसून होतं आणि आमच्या घरात शंभर वर्षं तिला मानमोडीत मारून टाकलेलं. नाव नदीचं आहे, एवढंच इथे सांगते.

आणि त्याच्यानंतर तुमचा तो फोन. १९२२ च्या फेरफाराचा फोटो मी तुम्हाला सकाळी पाठवला होता, एरवी तासाभरात वाचून पाठवता, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत काही नाही. मग फोन आला आणि तुम्ही विचारलंत, "ताई, आजूबाजूला कोणी आहे का? घरातल्यांच्या आधी तुम्हाला सांगतो, पुढं काय करायचं ते तुम्ही ठरवा." ओळ एवढीच होती, की सदरहू बाईने पाट लावला सबब अज्ञानाचा पालनकर्ता म्हणून चुलत्याचे नाव दाखल केले. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न.

तुम्हाला ती ओळ गाळता आली असती. "पालनकर्ता बदलला" एवढं सांगितलं असतंत तरी मला काय कळणार होतं, मला मोडीतला म ओळखू येत नव्हता. फ्रेमसाठी नाव पाहिजे होतं, ते मिळालेलंच होतं. मला तुमचे आभार मानायचेत ते ह्या ओळीचे, बाकीचं सगळं कदाचित दुसऱ्या कुणीही वाचून दिलं असतं, पैसे घेऊन.

मी फोनवर गप्प बसले तेव्हा तुम्ही जे बोललात ते पण लिहिते. पाट लावणं तेव्हा आपल्याकडच्या बहुतेक जातींत रीतीतलं होतं, तलाठ्यानं जशी बैलविक्री लिहावी तशी ती नोंद लिहिलीय, कुठं वाईट शब्द नाही, असल्या नोंदी वह्यांत ढिगानं आहेत, लाज नंतरच्या लोकांना वाटायला लागली. आणि १८५६ च्या विधवा विवाहाच्या कायद्यातच होतं की पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेतला हक्क गेला. म्हणजे पंचविशीतली बाई, गावात घरटी मयत, एक पोरगं, आणि लग्न करायचं तर जमीन मागं ठेवायची, आणि पोरगंही मागंच राहिलं. ती मनानं गेली की घालवली, हे फेरफारात नसतं. त्यावर मी कितीतरी बोलू शकते पण तुम्हीच म्हणता वहीत नाही ते बोलू नका.

आता माझा कंस. काका, तुम्हाला हे सांगितलं नव्हतं, मी आणि आत्या दोघींनीही आपापल्या वेळी हक्कसोड करून दिलंय, म्हणजे जमिनीतला आपला वाटा भावांसाठी सोडलाय. आनंदानं दिलं, भावाशी चांगलं आहे, साडी घेतली, जेवले, सही केली. पणजीच्या नावाचा कंस बघून घरी आले आणि आमचा आत्ताचा सातबारा काढून बघितला, तर माझं नाव तसंच कंसात. भावाला काही म्हणणार नाही, म्हणायचं नाहीच आहे. पण बघत बसले थोडा वेळ.

आण्णांना सांगायला मला नऊ दिवस लागले. ते काही बोलले नाहीत, फोन मागून घेतला, फोटो बोटांनी मोठा केला, आणि विचारलं ह्यातलं तिचं नाव कुठलं. मी दाखवलं. मग आत्याला फोन लावला आणि म्हणाले, दादांची आई जिवंत होती गं (दादा म्हणजे माझे आजोबा). आत्या तिकडून म्हणाली की दादा दर वर्षी उन्हाळ्यात एका गावाला एकटेच जायचे, लुगडं घेऊन जायचे, कुणाकडे विचारलं की चिडायचे, मग पुढं एका वर्षी जायचे बंद झाले. आम्ही सगळे रडायला मोकळे, पण मी तुम्हाला उत्साहानं हे कळवलं तर तुम्ही म्हणालात, "कागद मिळेपर्यंत ही गोष्ट म्हणूनच ठेवा, फ्रेमवर लिहू नका." तिरसट आहात खरे. पण लिहिलं नाही. फ्रेमवर फक्त नाव आहे, पणजोबांच्या शेजारी, आणि साल नाही.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, मिठाई पाठवली तर शुगर आहे म्हणून शेजाऱ्यांना वाटलीत. म्हणून निदान हे पत्र घ्या.

आत्यानं सांगितलेल्या त्या गावच्या कोतवाल बुकासाठी अर्ज केलाय, आपल्या तालुक्यात नाही ते, पलीकडच्या आहे, नक्कल मिळाली की फोटो पाठवीन, पण लगेच वाचून सांगू नका. तुम्ही दिलेली बाराखडी गिरवतेय, म आता येतो, ज आणि झ अजून एकच वाटतात. आधी मला वाचू द्या, चुकले तर सांगा.

तुमची,
गट नंबरवाली ताई