स्वीडिश पॅनकेकमध्ये बेकिंग पावडर नसते

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत ‘स्वीडिश पॅनकेक’ या नावाने जी पाककृती छापून आली, तिच्यात मैद्याबरोबर बेकिंग पावडर आणि साखर घालून वरून मेपल सिरप ओतण्यास सांगितले आहे. त्या कृतीने जो पदार्थ तयार होतो तो जाड, फुगलेला अमेरिकी पॅनकेक होय. तोही चवीला चांगला असतो; मात्र तो स्वीडनचा नव्हे. आमच्या आळीतल्या दोघी-तिघींनी ते कात्रण जपून ठेवले आहे, म्हणून हे पत्र लगेच लिहीत आहे.

स्वीडनमध्ये घरोघरी होणारा पॅनकेक तव्याएवढा रुंद आणि इतका पातळ असतो की त्याची सहज गुंडाळी व्हावी. त्यात फुगवणारे काहीही घालत नाहीत. अडीच डेसिलिटर (1 डेसिलिटर म्हणजे 100 मिलिलिटर) मैदा, सहा डेसिलिटर दूध, 3 अंडी, अर्धा चमचा मीठ आणि 2 ते 3 मोठे चमचे लोणी, हे तिथले रूढ प्रमाण आहे. स्वीडिश पाककृतींत पीठसुद्धा बहुधा वजनाने न देता मापाने देतात, त्यामुळे हे प्रमाण आपल्या वाटीच्या हिशेबात नीट बसते: एक वाटी मैद्याला अडीच वाट्यांना जरा कमी दूध. घरातली वाटी साधारण 150 मिलिलिटरची असेल तर अंडी 2 पुरतात. बाजारातले लोणी बहुतेक वेळा खारे असते. ते वापरल्यास मीठ निम्मे करावे.

पदार्थ एवढे मोजके असल्यामुळे सारे यश क्रमावर अवलंबून असते आणि पुरवणीतल्या कृतीत नेमका क्रमच दिलेला नाही. मैदा व मीठ एकत्र करून त्यात आधी निम्मेच दूध घालावे आणि गुठळी उरणार नाही इतके फेटावे. सगळे दूध एकदम ओतले की पातळ मिश्रणात गुठळ्या तरंगत राहतात आणि मग कितीही घोटले तरी त्या मोडत नाहीत. त्यानंतर उरलेले दूध, मग अंडी आणि शेवटी तव्यातच वितळवलेले लोणी मिश्रणात ओतावे, म्हणजे तव्यालाही आपोआप हात फिरतो. हे मिश्रण अर्धा तास झाकून ठेवलेले बरे, कारण तेवढ्या वेळात मैदा दूध पिऊन फुलतो, फेटल्यामुळे आलेला चिवटपणा सैल पडतो आणि पॅनकेक न फाटता उलटतो. कणीक वापरून पाहण्याचा मोह अनेकांना होईल, परंतु तिच्यातल्या कोंड्यामुळे इतका पातळ पॅनकेक जड होतो आणि कडेला चिरतो, असे माझे मत आहे.

कोकणातल्या स्वयंपाकघराला ही कृती परकी वाटू नये. ज्या हातांना घावन येते त्यांना पातळ पीठ, चांगला तापलेला बिडाचा तवा आणि उलटण्याची नेमकी वेळ या तिन्ही गोष्टींची पारख आधीच असते. तरीही दोहोंतला फरक लक्षात ठेवायला हवा. घावनाचे पीठ तव्याच्या कडेकडून आत ओततात आणि वर झाकण ठेवतात. तांदळात चिकटपणा नसल्याने ते वाफेवर जाळीदार होते. स्वीडिश पॅनकेकला अंडे आणि मैदा धरून ठेवतात. त्यावर झाकण ठेवायचे नाही आणि पीठ मधोमध ओतून तवा चहूबाजूंनी कलता करत पसरवायचे. बिडाचा जड तवा एका हाताने असा फिरवणे कठीण, म्हणून दांड्याचा पसरट तवा घ्यावा. घरचे पांढरे लोणी असेल तर त्यातल्या ताकामुळे ते तव्यावर तडतडते. ती तडतड थांबून फेस बसला आणि लोण्याला बदामी छटा आली की पीठ ओतायची वेळ झाली असे समजावे. वरच्या बाजूची ओली चकाकी गेली आणि कड तव्यापासून सुटू लागली की कालथ्याने उलटावे. तुपानेही काम भागते, पण लोणी तांबूस होताना जो खमंगपणा येतो तो तुपाने येत नाही. पीठ खाली बसते, म्हणून दर वेळी पळीने तळापासून ढवळून घ्यावे.

लहान पॅनकेकसाठी स्वीडनमध्ये सात उथळ खळग्यांचा ओतीव लोखंडी तवा असतो. त्याऐवजी आपले आप्पेपात्र वापरू नये, कारण त्याचे खळगे खोल असतात.

आता सोबत काय वाढावे, याविषयी. स्वीडनमध्ये पॅनकेकबरोबर लिंगनबेरी नावाच्या आंबट, तांबड्या रानफळाचा जाम आणि फेटलेली साय घेतात. पिठात साखर नसल्यामुळे वरच्या गोडाला आंबटपणाची जोड लागते, आणि मेपल सिरप इथे चुकते ते त्यामुळेच. परदेशी जामची महागडी बाटली आणण्याची मात्र काहीच गरज नाही, कारण आपल्या सड्यांवर आणि डोंगरउतारांवर करवंदे आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ ही करवंदाची मोठ्या फळाची जात दिली आहे. तरीही या कामासाठी मला रानातली, द्रोणातून विकायला येणारी काळी करवंदेच अधिक पसंत आहेत. ती थोड्या पाण्यात शिजवून चाळणीतून गाळावी, म्हणजे बिया आणि साल वेगळी होते. गराच्या पाऊणपट साखर घालून, थंड बशीवर टाकलेला थेंब ओघळेनासा होईपर्यंत आटवावे. करवंदात जाम घट्ट करणारे पेक्टिन भरपूर असल्याने जाम लवकर धरतो. एक काळजी मात्र घ्यावी. स्वीडनमध्ये लिंगनबेरी न शिजवता, नुसत्या साखरेत घोटूनही ठेवतात. त्या फळात मुळातच बेंझोइक आम्ल असल्यामुळे ते टिकते. करवंदाच्या बाबतीत तसे करू नये. ते शिजवून, फ्रिजमध्येच ठेवावे. सायही भांड्यासकट आधी गार करून मगच फेटावी, कारण किनाऱ्यावरच्या दमट उकाड्यात ती फार लवकर सैल पडते.

काही जण गूळ घातलेला नारळाचा रस सुचवतील. तो खापरोळीबरोबर अप्रतिम लागतो आणि तिथेच तो असावा, असे मला वाटते. लोण्याच्या खमंगपणावर तो मात करतो.

स्वीडनमध्ये गुरुवारी पिवळ्या वाटाण्याचे दाट सूप आणि त्यामागून गोड म्हणून हे पॅनकेक, असा जुना परिपाठ आहे. कॅथलिक काळात शुक्रवारच्या उपासाआधी भरपेट जेवण्याच्या रीतीतून तो आल्याचे मानतात, आणि तिथल्या लष्करातही तो पाळला गेला. आपल्याकडे गुरुवारी अनेक घरांत अंडे वर्ज्य असते, तेव्हा वार ज्याचा त्याने ठरवावा. परंतु साध्या, गरम जेवणानंतर हे पॅनकेक तव्यावरून थेट ताटात वाढण्याची त्यांची पद्धत मात्र जरूर उचलावी.

येत्या रविवारच्या पुरवणीत ही दुरुस्ती प्रमाणासह आणि क्रमासह छापावी, अशी विनंती आहे. मृगाच्या सरी सुरू झाल्या की करवंदे पाणचट होतात, म्हणून त्याआधी ही दुरुस्ती वाचकांच्या हाती पडावी.

आपली नियमित वाचक,
गुहागर, जि. रत्नागिरी