शिक्का नको, व्हाउचर दाखव

गंगापूर रोड, नाशिक
रविवार, रात्री उशिरा

प्रिय सुध्या,

त्या दिवशी मिसळ खाताना तू म्हणालास, "त्या फॅक्टचेकवाल्या वेबसाइटी सगळ्या विकलेल्या. त्यांना कोण तपासणार?" मला तेव्हा धड उत्तर सुचलं नाही. एक तर तर्री झणझणीत होती, आणि दुसरं म्हणजे तू बोलू देत नव्हतास. पत्रात तरी मधे तोंड घालणार नाहीस.

आधी सासरेबुवांच्या कंबरेची गोष्ट. मागच्या पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला आणि तासाभरात सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला: गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती गळ्यापर्यंत बुडालेला, खाली ओळ, "आज सकाळचे दृश्य, सराफ बाजारात पाणी शिरणार". तुला माहीतच आहे, नाशिकच्या माणसाला क्युसेक कळत नाहीत, मारुतीच्या अंगावरचं पाणी कळतं. सासऱ्यांचं भांडी बाजारातलं दुकान. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी त्यांनी पितळी घागरी आणि कुकरची खोकी एकट्याने माळ्यावर चढवली. पाठ धरली ती दीड महिना. मी संध्याकाळी रामकुंडावर जाऊन आलो, तर मारुतीच्या जेमतेम पायाला पाणी.

रात्री तो व्हिडिओ नीट बघितला. कोपऱ्यात एका दुकानाची निळी पाटी दिसत होती. ते दुकान बंद होऊन दोन वर्षं झाली होती! दोन दिवसांनी एका फॅक्टचेक साइटवरही त्याचा लेख आला. व्हिडिओतली चित्रं सुटी करून त्यांनी उलटा शोध घेतला, म्हणजे तीच चित्रं इंटरनेटवर आधी कुठे आली होती ते बघितलं, आणि हाच व्हिडिओ ऑगस्ट २०१९ च्या पुराच्या वेळी कोणीतरी टाकलेला सापडला. मूळ व्हिडिओची लिंक दिली होती. सगळं चोख, फक्त एक घोळ: दुतोंड्या मारुती त्यांनी त्र्यंबकेश्वरात नेऊन बसवला होता! मी चिडून मेल टाकला. दुसऱ्या दिवशी लेखात दुरुस्ती, आणि तळाशी टीप की आधी ठिकाण चुकीचं छापलं होतं, अमुक तारखेला बदललं. गुपचूप खोडलं नाही, लिहून ठेवलं.

सुध्या, मी ऑडिटला जातो तेव्हा मालकाच्या तोंडाकडे बघत नाही, व्हाउचर मागतो, म्हणजे नोंदीमागचा पुराव्याचा कागद. चूक कोणाच्याही वहीत सापडते. पण चुकलेल्या आकड्यावर सरळ रेघ मारून शेजारी सही केलेली असेल तर मला त्या वहीची धास्ती वाटत नाही. व्हाइटनर दिसला की वाटते. आंतरराष्ट्रीय फॅक्टचेक नेटवर्क आपल्या सदस्यांकडून साधारण हेच मागतं: निःपक्षपातीपणा, मग स्रोत, पैसा आणि पद्धत यांचा खुलेपणा, आणि चुकांची उघड दुरुस्ती. पाळतात किती, ते प्रत्येक लेख उघडून बघायचं.

तुझं म्हणणं अगदीच हवेत नाही, हेही कबूल करतो. स्नोप्स ही १९९४ पासूनची, या धंद्यातली जुनी पेढी. तिच्याच संस्थापकाने दुसऱ्यांच्या बातम्यांतला मजकूर उचलल्याचं २०२१ मध्ये बाहेर आलं. कोरोना विषाणू माणसाने बनवला असं म्हणणाऱ्या पोस्ट फेसबुकने फेब्रुवारी २०२१ मध्ये काढायला घेतल्या आणि मे महिन्यात तो नियम मागे घेतला. फोटो जुना की नवा, याला पुरावा असतो. अजून तपास चालू असलेल्या गोष्टीवर "खोटे" असा ठप्पा मारला की माझाही विश्वास डळमळतो. शिवाय कोणता दावा तपासायला घ्यायचा आणि कोणता सोडायचा, यातही कल दिसतोच. म्हणून मी मथळ्यावरचा लाल शिक्का वाचतच नाही, थेट खाली लिंकांकडे जातो.

तू म्हणालास, मग सरकारनेच ठरवावं. अरे, तो प्रयोग झाला. केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दल खोटं काय, हे सरकारचाच कक्ष ठरवणार, असा नियम २०२३ मध्ये आला होता. मुंबई उच्च न्यायालयात आधी दोन न्यायमूर्तींची मतं फुटली, मग तिसऱ्यांच्या निकालाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो रद्द झाला. आमच्या भाषेत सांगायचं तर ज्याचं खातं, तोच ऑडिटर!

आणि फॉरवर्डला कोण तपासतं रे? वेबसाइटला नाव असतं, पत्ता असतो, मेल टाकता येतो. फॉरवर्ड बेवारस. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्याच दिवसांत, त्याच संशयावरून आपल्या मालेगावात एका कुटुंबाला जमावाने घेरलं होतं, पोलिसांनी कसंबसं सोडवलं. ते मेसेज लिहिणाऱ्याकडे दुरुस्ती कोण मागणार होतं? साइटवाले दोन दिवसांनी येतात, ही माझी त्यांच्यावरची खरी तक्रार आहे. सासऱ्यांची कंबर तोवर गेलेली असते.

बाकी सगळं ठीक. सासरे आता दुकानात बसतात, पण घागर उचलायला पोऱ्या ठेवलाय. तू परवा कांद्याच्या निर्यातीचा जो फोटो पाठवलास, त्यातल्या गोण्यांवरची अक्षरं मला आपल्याकडची वाटत नाहीत. कुठून आला तेवढं कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिग्या