दोरीतला ताण ४ न्यूटन कसा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत वर्तुळाकार गतीवरची सोडवलेली उदाहरणे आली आहेत. मुले अशी कात्रणे वहीत चिकटवून ठेवतात, म्हणून हे पत्र. एका उदाहरणात २०० ग्रॅमचा दगड ८० सेंमी लांब दोरीला बांधून उभ्या वर्तुळात फिरवला आहे. सर्वांत खालच्या बिंदूपाशी त्याची चाल ४ मी/से आहे आणि तिथला दोरीतला ताण विचारला आहे. छापलेले उत्तर ४ न्यूटन. गुरुत्व त्वरण १० मी/से² धरले, तर खरे उत्तर ६ न्यूटन येते.

४ कुठून आले ते दिसतेच आहे. वस्तुमान गुणिले चालीचा वर्ग भागिले त्रिज्या केले आणि उत्तराखाली दोन रेघा मारल्या. पण हे ४ न्यूटन म्हणजे दगडाला वळवण्यासाठी केंद्राकडे लागणारे एकूण निव्वळ बल. दगडाचे स्वतःचे २ न्यूटन वजन त्या क्षणी केंद्राच्या बरोबर विरुद्ध दिशेला ओढत असते. दोरीने आधी ते पेलायचे आणि वर ४ न्यूटन शिल्लक ठेवायचे.

बरे, उदाहरणात दगड ‘पूर्ण फेरी मारतो’ असेही म्हटले आहे. हात स्थिर असेल तर तो मारूच शकत नाही. चढण्याची उंची म्हणजे चालीचा वर्ग भागिले गुरुत्व त्वरणाची दुप्पट; १६ भागिले २० म्हणजे तो ८० सेंमी चढणार. दोरी जेमतेम आडवी होणार आणि दगड आल्या वाटेने परतणार. पूर्ण फेरीसाठी तळाशी निदान ६.३ मी/से चाल हवी. आकडे निवडताना एवढे तरी तपासायला हवे होते.

मी बरीच वर्षे हा विषय शिकवला. माझ्या मते या चुकीचे मूळ आकृतीत असते. मुले वजन दाखवतात, ताण दाखवतात आणि मग ‘अभिकेंद्री बल’ असा केंद्राकडे जाणारा तिसरा बाणही काढतात. काही उत्साही मंडळी केंद्रोत्सारी, म्हणजे बाहेर ढकलणाऱ्या, बलाचा चौथा बाण काढून सगळे फिट्टंफाट करून टाकतात! वर्गात असा बाण दिसला की मी विचारायची, “हे बल लावतंय कोण?” दोरी, रस्ता, पृथ्वी, असे कुणाचे तरी नाव सांगता आले तर बाण राहील, नाही तर खोडायचा. चालीच्या वर्गाचे ते पद समीकरणाच्या दुसऱ्या बाजूला बसते, आकृतीत नाही.

सपाट रस्त्यावरच्या वळणाचे उदाहरण घ्या. त्रिज्या ५० मीटर, चाल ताशी ३६ किमी म्हणजे १० मी/से, त्वरण २ मी/से². इथे केंद्राकडे ओढणारे घर्षणच. गाडीचे वस्तुमान दिलेले नाही म्हणून मुले अडून बसतात, पण ते दोन्ही बाजूंनी कटते आणि घर्षणांक, म्हणजे घर्षण आणि वजन यांचे गुणोत्तर, ०.२ पुरतो. चाल दुप्पट केली की ०.८ लागतो. ओल्या रस्त्यावर तेवढा मिळणे कठीण.

पुरवणीतल्या चौकटीत त्वरणाची दोन सूत्रे शेजारी शेजारी दिली आहेत. एक चालीचा वर्ग भागिले त्रिज्या, दुसरे कोनीय वेगाचा (सेकंदाला किती कोन फिरला त्याचा) वर्ग गुणिले त्रिज्या. एकात त्रिज्या खाली, दुसऱ्यात वर. मग त्रिज्या वाढली तर त्वरण वाढते की घटते? हुशार मूल हे विचारणारच, आणि चौकट त्यावर गप्प आहे. उत्तर काय कायम ठेवले यावर अवलंबून आहे. फिरत्या तबकडीवर सगळ्या बिंदूंचा कोनीय वेग सारखा, म्हणून कडेला त्वरण जास्त. त्याच चालीने दोन वळणे घेतली, तर जास्त त्वरण आवळ वळणावर. एककांच्या चुका मात्र सरावाने सुटतात, त्यावर अर्धे पान खर्च करायची गरज नव्हती.

पुढच्या वेळी चंद्राचे उदाहरण द्यावे, ही विनंती. अंतर सुमारे ३,८४,००० किमी, एका फेरीला २७.३ दिवस. मुलांनी स्वतः आकडेमोड केली तर त्वरण ०.००२७ मी/से² येईल, जमिनीवरच्या ९.८ च्या सुमारे ३६०० वा भाग. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून ६० पृथ्वी-त्रिज्यांवर आहे, आणि ६० चा वर्ग ३६००. गुरुत्व अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, हा व्यस्त वर्गाचा नियम न्यूटनने याच तुलनेने पडताळला होता.

तूर्तास दगडाच्या उदाहरणाची दुरुस्ती छापावी. नुसते ‘४ ऐवजी ६ वाचावे’ नको, दोनच बाण असलेली आकृतीही सोबत द्यावी.

आपली,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षिका