प्रश्न त्यालाच विचारा ना

संपादक साहेब,

माझा धाकटा भाऊ व्हीलचेअर वापरतो, आणि आम्ही कुठेही गेलो की काउंटरवरचा माणूस त्याच्याकडे न बघता मलाच विचारतो, "यांना काय हवंय?" अहो तो बोलतो, ऐकतो, स्वतःचे निर्णय स्वतः घेतो, मग त्याला विचारा की! रॅम्प नसला तर धरून कसंतरी चढवता येतं (तेही चूकच आहे म्हणा) पण हे असं वगळणं त्याला जास्त लागतं, घरी आल्यावर किती वेळ गप्प असतो.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की जगात सुमारे १३० कोटी लोकांना लक्षणीय अपंगत्व आहे, म्हणजे दर सहा जणांत एक. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांबद्दलच्या २००६च्या करारात कलम ८ खास याच्यासाठी आहे, लोकांच्या मनातले गैरसमज दूर करायचं काम सरकारांनी करायचं, आणि त्यात शाळाही आल्या.

लहान मुलं बरी, सरळ येऊन विचारतात ही खुर्ची कशी चालते, आणि हा खूश होऊन दाखवतो, तेवढ्यात आईबाप ओशाळून मुलाला ओढून नेतात. नका हो नेऊ, विचारू द्या त्यांना.

— एक वाचक