बिनमोटारीचा प्रयोग आणि शरीराचा गुरुत्वमध्य

मा. संपादक,
स. न.

सोलापुरातील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात माझ्या नातीने मांडलेला प्रयोग परीक्षकांनी ‘यात मॉडेल कुठे आहे?’ एवढ्या एका प्रश्नावर बाजूला सारला. तिच्या टेबलावर दिवे लुकलुकत नव्हते की मोटार फिरत नव्हती. बक्षीस हुकल्याचे दुःख नाही. परंतु तिने काय मोजले, हे विचारण्याची तसदीही कोणी घेतली नाही, म्हणून हे पत्र.

तिने स्वतःच्या शरीराचा गुरुत्वमध्य, म्हणजे सारे वजन जिथे एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, शोधला होता. वखारीतून आणलेल्या फळीच्या दोन टोकांखाली, परस्परांपासून बरोबर २०० सेंटिमीटरवर, दोन लोखंडी अँगल धार वर करून ठेवले. एक विटेवर, दुसरा घरातल्या डिजिटल वजनकाट्यावर, आणि पाणसळ लावून फळी समपातळीत आणली. पाठीला टोचू नये म्हणून अंथरलेल्या चादरीसह रिकाम्या फळीचा काट्यावर ६.५ किलो भार पडत होता. विटेकडील धारेच्या रेषेत तळपाय ठेवून ती उताणी झोपली, तेव्हा काट्याने २३.७ दाखवले, म्हणजे १७.२ किलोची वाढ. विटेकडील धार टेकू मानली, तर तिचे ४२ किलो वजन गुणिले टेकूपासून गुरुत्वमध्याचे अंतर हे १७.२ गुणिले २०० एवढे भरलेच पाहिजे, आणि त्यावरून ते अंतर येते सुमारे ८२ सेंटिमीटर. तिची उंची १५०, म्हणजे हा बिंदू तळपायापासून उंचीच्या जवळपास ५५ टक्क्यांवर. प्रौढांतही हे प्रमाण याच्याच आसपास असते, स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा किंचित कमी. आम्ही शिक्षक मंडळी ‘बेंबीपाशी’ असे ठोकून देतो. तिची बेंबी मात्र ९० सेंटिमीटरवर होती.

मला अधिक मोलाची वाटली ती पुढची नोंद. झोपल्याझोपल्या तिने दोन्ही हात डोक्यापलीकडे ताणले, तसा काटा आणखी सव्वा किलो चढला आणि तो वाचणारा तिचा धाकटा भाऊ ‘ताई जड झाली’ म्हणून ओरडला. ताईचे वजन तेवढेच होते. विटेवरचा भार तितकाच घटला होता आणि गुरुत्वमध्य ६ सेंटिमीटर डोक्याकडे सरकला होता. आमच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला पेलणाऱ्याचे पाऊल पडते, तेही याच हिशेबाने. माणूस आणि ध्वज यांचा मिळून जो गुरुत्वमध्य, तो पावलांच्या आधाराबाहेर गेला की तोल गेलाच.

माणसाला फळीवर निजवून तोलण्याची युक्ती इटलीच्या बोरेल्ली या शास्त्रज्ञाची असून ती सांगणारा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला फळी टेकूवर तोलत बसावे लागे. काट्यामुळे तो खटाटोप वाचतो, इतकेच.

प्रदर्शनांच्या परीक्षकांनी मॉडेलआधी विद्यार्थ्याची नोंदवही मागावी, आणि शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करून घ्यावा, ही विनंती. फक्त मुलामुलींची वजने सर्वांसमक्ष मोठ्याने वाचू नयेत. ज्याचे आकडे त्याच्याच वहीत राहू द्यावेत.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सोलापूर