एका माणसावर दोन सरकारं

प्रिय विलास,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू वैतागून म्हणालास, "अमेरिका एकच देश ना? मग न्यू जर्सीत दातांची डॉक्टर असलेली आमची पोर टेक्सासला गेली की तिला पुन्हा नवं लायसन्स कशाला?" मी दोन वाक्यांत उरकलं, पण त्यानं समाधान तुझंही झालं नाही आणि माझंही. म्हणून हे पत्र. लांबेल, सवडीनं वाच.

आपल्याकडे देश आधी झाला आणि राज्यं नंतर आखली. तिकडे राज्यं आधीची. १७७६ साली तेरा वसाहतींनी इंग्लंडच्या राजाला झुगारलं तेव्हा त्या तेरा वेगवेगळ्या सत्ता होत्या. प्रत्येकीचं विधिमंडळ वेगळं, न्यायालयं वेगळी. युद्धासाठी मोट बांधली आणि १७८१ पासून तिला लेखी करारनामा लागू झाला. त्यातली काँग्रेस म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींची सभा: प्रत्येक राज्याला एक मत, आणि कर बसवायचा अधिकार मुळीच नाही. पैसे लागले तर राज्यांकडे मागायचे. त्यांनी दिले तर दिले. आयात मालावर पाच टक्के जकात बसवून कर्ज फेडू अशी सूचना आली, तर १७८२ मध्ये चिमुकल्या ऱ्होड आयलंडनं नकार कळवला आणि सगळं बारगळलं, कारण करारात बदल करायला तेराही राज्यांचं एकमत लागायचं.

याचे भोग कुणाच्या वाट्याला आले ते बघ. मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागातले शेतकरी, त्यातले कित्येक स्वातंत्र्ययुद्धात लढलेले. लढाईचा पगार पुरता हातात पडलेला नाही, आणि राज्यानं कर्जफेडीसाठी जबर कर लावलेले, तेही रोख नाण्यांत. सावकार कोर्टात जायचा, कोर्ट जप्ती काढायचं. १७८६ मध्ये या शेतकऱ्यांनी कोर्टांपुढेच ठाण मांडलं आणि न्यायाधीशांना कामकाज करू दिलं नाही. जानेवारी १७८७ मध्ये डॅनिएल शेज या माजी कॅप्टनच्या मागे ते स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले. समोरून तोफा डागल्या गेल्या, चार जण मेले. शस्त्रागार साऱ्या संघाचं. पण ते राखायला फौज उभी करण्याइतका पैसा काँग्रेसकडे नव्हता. बंड मोडायला जे सैन्य निघालं त्याचा खर्च बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून दिला. माझा जीव त्या शेतकऱ्यांसाठी तुटतो. पण या बंडानं जमीनदार आणि व्यापारी मंडळी हादरली, आणि मजबूत मध्यवर्ती सरकार हवं या मागणीला जोर आला, हे मान्य करावं लागतं.

मे १७८७ मध्ये फिलाडेल्फियात बैठक भरली; नवी घटना लिहिली गेली ती इथेच. सप्टेंबरपर्यंत मिळून ५५ प्रतिनिधी येऊन गेले. ऱ्होड आयलंडनं कुणालाच पाठवलं नाही. बैठकीचे अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन. आतलं अवाक्षर बाहेर जाऊ द्यायचं नाही असा नियम, म्हणून भर उन्हाळ्यात खिडक्या बंद. व्हर्जिनियाचा जेम्स मॅडिसन, वय ३६, अंगानं किरकोळ, पुढे बसून रोज कोण काय बोललं ते टिपून ठेवत होता. घटनेचा जनक म्हणून त्याचंच नाव घेतात, आणि तरी त्याच्या जिवाभावाच्या दोन्ही मागण्या त्या सभागृहात हरल्या. दोन्ही सभागृहांत लोकसंख्येनुसार जागा असाव्यात, ही एक. राज्यांनी केलेला कुठलाही कायदा रद्द करायचा अधिकार मध्यवर्ती विधिमंडळाला असावा, ही दुसरी.

छोटी राज्यं हटून बसली. मोठ्यांनी संघ मोडलाच तर आमचा हात धरणारा परका मित्र आम्हाला मिळेल, इथवर डेलावेअरचा गनिंग बेडफर्ड ३० जूनला बोलून गेला. अखेर १६ जुलैला पाच विरुद्ध चार राज्यांच्या मतांनी तोडगा निघाला. मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधींत निम्मेनिम्मे तट पडल्यामुळे त्यांचं मत धरलंच नाही. खालच्या सभागृहात लोकसंख्येप्रमाणे जागा, वरच्या सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये, प्रत्येक राज्याला सारख्या. लगेच दुसऱ्या दिवशी मॅडिसनची दुसरी मागणीही फेटाळली गेली. या दोन दिवसांत राज्यं आणि मध्यवर्ती सरकार यांच्यामध्ये जी रेघ ओढली गेली तिच्यामागे कुठलाही थोर सिद्धांत नव्हता. भांडून दमलेल्या माणसांनी ती ओढली. मला हे वाचताना त्यांच्याबद्दल आदर वाटतो, कारण सगळं आपल्या मनासारखं झालं नाही तरी मॅडिसन उठून गेला नाही.

एका बाबतीत मात्र मॅडिसनची बाजू पुरती जिंकली, आणि माझ्या मते सगळ्या घटनेतला नवा भाग तोच. पूर्वी काँग्रेस राज्यांना सांगायची आणि राज्यं माणसांना. आता मध्यवर्ती सरकार राज्याला न विचारता थेट माणसापर्यंत पोचू लागलं. ते स्वतः कर घेणार, त्याची स्वतःची न्यायालयं, कायदा मोडला तर शिक्षाही तेच देणार. राज्य सरकारही त्याच माणसावर आपले कायदे चालवणार. एकाच माणसावर दोन सरकारं, आणि दोघांचाही त्याच्याशी सरळ संबंध. कोणी काय करायचं? पहिल्या कलमाच्या आठव्या भागात मध्यवर्ती काँग्रेसची कामं मोजून लिहिली आहेत: कर, चलन, टपाल, युद्ध, परदेशांशी आणि राज्याराज्यांमधला व्यापार, अशी. नाणी पाडणं आणि तह करणं राज्यांना बंद. उरलेलं सगळं राज्यांकडे किंवा लोकांकडे, हे १७९१ च्या दहाव्या दुरुस्तीनं स्पष्टच लिहून टाकलं. लग्न, जमीन, शाळा, पोलीस आणि डॉक्टर-वकिलांची लायसन्सं या 'उरलेल्या'त आली. तुझ्या लेकीचा मनस्ताप तिथून येतो.

पण विलास, या तोडग्याची किंमत कुणी मोजली, ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. खालच्या सभागृहातल्या जागा मोजताना गुलाम माणसं कशी धरायची? त्यांना मताचा अधिकार शून्य, पण दक्षिणेच्या राज्यांना त्यांच्या डोक्यांवर जागा हव्या होत्या. ठरलं की पाचांचे तीन धरायचे. आफ्रिकेतून माणसं आणून विकण्याच्या धंद्याला १८०८ पर्यंत हात लावायचा नाही. पळालेल्या गुलामाला परत द्यायचं. ज्यांना बाजूला बसवून हे ठरलं त्यांच्यातलं कुणीही त्या खोलीत नव्हतं. एकी हवी होती हे कारण मला कळतं; ते पुरेसं होतं असं मात्र मी म्हणणार नाही.

घटनेला मान्यता मिळतानाही कमी झगडा झाला नाही. नऊ राज्यांची संमती पुरेशी होती, ती जून १७८८ मध्ये न्यू हॅम्पशायरनं पुरी केली. पण व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९ आणि न्यूयॉर्कात ३० विरुद्ध २७, इतकं काठावर. ऱ्होड आयलंड १७९० मध्ये आलं, दोन मतांच्या फरकानं.

पुढची कथा त्या रेघेवरच्या भांडणाची. बाल्टिमोरमधल्या मध्यवर्ती बँकेच्या शाखेवर मेरीलंड राज्यानं कर लावला, तेव्हा १८१९ मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शलनी तो रद्द केला: कर लावण्याच्या अधिकारात नष्ट करण्याचा अधिकार असतो, आणि एका राज्यानं साऱ्या देशाची संस्था नष्ट करू नये. आणि व्यापाराच्या त्या एका अधिकाराचा हात किती लांब गेला बघ. ओहायोत रॉस्को फिलबर्न म्हणून शेतकरी होता. दुधाचा आणि कोंबड्यांचा धंदा. गव्हाचे भाव पडू नयेत म्हणून सरकारनं प्रत्येकाला पेरा ठरवून दिला होता. याच्या वाट्याला ११.१ एकर, यानं पेरला २३ एकर. जादा निघाला २३९ बुशेल (हे तिकडचं धान्याचं माप) आणि दंड बसला ११७ डॉलर ११ सेंट. तो म्हणाला, हा गहू माझ्याच जनावरांना आणि घरच्या पिठाला, यात राज्याराज्यांमधला व्यापार कुठे आला? १९४२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की असे सगळेच शेतकरी घरचा गहू वापरू लागले तर बाजारातली मागणी घटते, म्हणून काँग्रेसला अधिकार आहे. मला हा निकाल ओढूनताणून वाटतो. शेवटी १९९५ मध्ये, शाळेजवळ बंदूक बाळगण्याच्या खटल्यात, त्याच न्यायालयानं व्यापाराच्या नावाखाली किती जायचं याला आवर घातला.

तू नेहमी म्हणतोस, राज्यांना जास्त अधिकार हवेत. तुला मार्गारेट मॉर्गनची हकीकत सांगतो. ही बाई मेरीलंडहून येऊन पेनसिल्व्हेनियात मोकळेपणानं राहत होती. १८३७ मध्ये एडवर्ड प्रिग आणि त्याच्या सोबत्यांनी तिला पळालेली गुलाम म्हणून मुलांसकट पकडून मेरीलंडला नेलं, आणि त्या मुलांपैकी एक तरी पेनसिल्व्हेनियातच जन्मलेलं होतं. पेनसिल्व्हेनियानं आपल्या कायद्याखाली प्रिगला दोषी ठरवलं. १८४२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली. म्हणजे इथे राज्य तिला वाचवायला धडपडत होतं आणि देशाची घटना तिला मालकाच्या हवाली करत होती. आता ११५ वर्षं पुढे ये. १९५७, आर्कान्सामधलं लिटल रॉक. नऊ काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत जाऊ द्यायचं नाही म्हणून राज्यपालानं राज्याचे सैनिक उभे केले, आणि त्या मुलांना आत न्यायला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना लष्कर धाडावं लागलं. दोन्ही वेळी 'राज्यांचे अधिकार' हाच वाद. म्हणून या वादात मी आधी विचारतो, यात माणूस कोणाच्या तावडीत सापडलाय?

आंबेडकरांनी हे सगळं नीट अभ्यासलं होतं. ४ नोव्हेंबर १९४८ ला आपल्या घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी अमेरिकेशी तुलना केली आणि आपण एकच नागरिकत्व ठेवतो आहोत, हे आवर्जून सांगितलं. आपला संघ राज्यांच्या करारातून झालेला नाही, म्हणून कुणालाही त्यातून फुटता येणार नाही, हेही. याचे परिणाम आपण सांगलीकरांनी तरी विसरू नयेत. आपल्याकडे राज्याची हद्द संसद बदलू शकते, विधानसभेचं मत मागवते पण ते बंधनकारक नसतं. १९५६ च्या कायद्यानं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं ते असं, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तोही संसदेच्याच कायद्यानं. अमेरिकेत एखाद्या राज्याचा तुकडा तोडायचा तर त्याच्या विधिमंडळाची संमती लागते. राज्यसभेत महाराष्ट्राचे १९ आणि गोव्याचा १. तिकडे सहा लाखांहून कमी वस्तीच्या वायोमिंगचे सिनेटर दोन आणि चार कोटींच्या घरातल्या कॅलिफोर्नियाचेही दोनच. शिवाय हा सारखेपणा त्या राज्याच्या संमतीवाचून काढता येणार नाही, असं घटनेतच लिहिलंय. आज हे मला उघड उघड अन्यायाचं वाटतं. तू काय म्हणतोस?

मॅडिसनची टिपणं त्याच्या मृत्यूनंतर १८४० मध्ये छापली गेली, आणि आता नेटवर फुकट मिळतात. सगळी वाचायच्या फंदात पडू नकोस. जूनच्या अखेरीपासून १७ जुलैपर्यंतची तेवढी वाच आणि मग भांडायला फोन कर. वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
मधू