आरोग्यमंत्री महोदय, ती एकोणीस मिनिटं कुणाच्या वहीत आहेत?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सादर नमस्कार.

काल ह्यांचं वर्षश्राद्ध झालं. गेल्या वर्षी तेराव्याला घरी आलेल्या एका लोकप्रतिनिधींनी शब्द दिला होता, "ताई, सहा महिन्यांत प्रत्येक जॉगिंग ट्रॅकवर बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र बसवतो." काल रामकुंडावरून मी मुद्दाम त्या मैदानावर गेले. यंत्र नाही.

हे सकाळी साडेसहाला कोसळले, माझ्यापासून दहा पावलांवर. "फिट आलीय" म्हणत कुणी चप्पल हुंगवली, कुणी तोंडावर पाणी मारलं. घशातून घरघर येत होती म्हणून मीच ओरडले, श्वास चालू आहे, हात लावू नका! हृदय बंद पडल्यावरही काही मिनिटं तशी घरघर येते, तो श्वास नव्हे, हे मला नंतर वाचून कळलं. सत्तावीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवते. हृदयाचे चार कप्पे फळ्यावर शेकडो वेळा काढले. पण छातीच्या मधोमध तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान पाच सेंटिमीटर खोल दाबायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नाही, मी कुणाला शिकवलं नाही. रुग्णवाहिका एकोणीस मिनिटांनी आली. छाती दाबली नाही तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. हिशेब तुम्हीच करा.

रुग्णालयाने लिहिलं, 'आणण्यापूर्वीच मृत'. पोलिसांनी लिहिलं, 'अकस्मात मृत्यू'. कोसळताना कुणी पाहिलं, छाती दाबली का, यंत्राचा पहिला झटका किती मिनिटांनी दिला, हे एकाही कागदावर नाही. या नोंदी सगळीकडे एकसारख्या कशा ठेवायच्या हे ठरवायला डॉक्टर १९९० मध्ये नॉर्वेतल्या उटस्टाइन मठात जमले होते, महोदय! डेन्मार्कने २००५ पासून शाळेत आणि २००६ पासून वाहन परवान्यासाठी छाती दाबण्याचं शिक्षण सक्तीचं केलं. २००१ मध्ये तिथे असे कोसळलेल्या शंभरातल्या २१ जणांची छाती आसपासचे लोक दाबत. २०१० मध्ये ४५ जणांची. तीस दिवसांनंतर जिवंत असणारे साडेतीन टक्क्यांवरून जवळपास अकरावर गेले. ब्रिटनमध्ये हृदय बंद पडलेल्या आठ हजार रुग्णांवर ॲड्रेनलिन हे औषध तपासलं, तर थोडे जास्त वाचले, पण वाचलेल्यांत मेंदूला गंभीर इजा झालेले वाढले. मोजलं म्हणून त्यांना कळलं.

मी तीन कार्यालयांत अर्ज दिले, नाशकात वर्षाला किती माणसं अशी पडतात? तिघांनीही दुसऱ्याचा दरवाजा दाखवला. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आमच्या म्हसरूळला, १९९८ पासून. त्यांच्याकडून ही नोंदवही सुरू करून घ्या. सिंहस्थाला लाखो भाविक येतील. २००३ च्या चेंगराचेंगरीत ३९ जण गेले, त्यांची निदान मोजदाद झाली. गर्दीत एकटा पडणारा कुणाच्या हिशेबात? रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ सांभाळतं. मैदानावर वाकणाऱ्याला पोलिसांची भीती. या राज्यात माणूस गेला की पंचनामा होतो, अभ्यास होत नाही.

वहीतली पहिली ओळ मी लिहून पाठवते. पुरुष, वय ५८. सकाळी ६.३२. पत्नीसमोर कोसळले. छाती कुणीही दाबली नाही.

आपली,
एक शिक्षिका, नाशिक